बिस्किटांच्या डब्यातली सहल

आमच्या दादाला गल्लीतली पोरं ‘हनुवटी’ म्हणतात. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि दिवसभर तो येईल त्याला एकच सांगत असतो, “हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका.” पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे सगळे फोटो रंगीत. त्यावर घर चालतं. पण त्याला विचाराल तर तो म्हणेल, हे काही माझं काम नाही. त्याचं खरं काम म्हणजे वर्षातून एकदा आम्हा सगळ्यांना कुठेतरी घेऊन जायचं आणि जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याने काळे-पांढरे फोटो काढायचे. “रंग म्हणजे गोंगाट. उजेड बघायला शिका,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे ते मी जेवणापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे.

आणि त्याचा एक नियम होता. सहलीचे रोल घरी आणले की ते पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात जायचे आणि पुढच्या सहलीपर्यंत तिथेच राहायचे. का? तर सहलीची मजा अंगात असताना सगळेच फोटो चांगले वाटतात, ती उतरली की खरा फोटो कोणता ते कळतं. आम्ही हसायचो. लोक सहलीहून आले की फोटो दाखवतात, आमच्याकडे डबा दाखवतात. वहिनी चिडून सांगायची की अहो, पोरगी मोठी होतेय, तिचे लहानपणचे फोटो तिच्या लग्नात बघायचे का? पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या वर्षी आम्ही तळ्यावर गेलो होतो. आई फोटोला कधी उभी राहायची नाही, कुणाच्या तरी पाठीमागे दडायची. त्या दिवशी मात्र ती शाल नीट पांघरून काठावरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “माझा एक काढ. नीट काढ.” दादा हरखला. उजेड मोजला, कॅमेऱ्याची लेन्स बदलली, पुढे गेला, मागे आला. तो ढगाची वाट बघत होता आणि आई त्याच्याकडे बघत होती.

“अरे, जरा खाली ठेव ते,” ती म्हणाली. “इकडे बघ.”

“आई, हलू नकोस,” दादा कॅमेऱ्यामागून म्हणाला.

असं तिने दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, “माझा फोटो कधी दाखवणार?” दादाने हसून डब्याकडे बोट केलं. पुढे ती पुन्हा म्हणाली, “या वेळी जरा लवकर काढ ना रे.” तो म्हणाला, “नियम म्हणजे नियम, आई. तुझ्यासाठी मोडला तर उद्या ही बया मागेल.” बया म्हणजे मी. मी पण हसले.

मग एक दिवस आईने चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या बाहेरच ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दादाच घेऊन गेला. डॉक्टर त्यालाच रागावले. काचबिंदू आहे हे आईला सहलीच्या आधीच सांगितलं होतं, नजर झपाट्याने जाईल आणि गेलेली परत येणार नाही, हेही सांगितलं होतं. तुमच्या घरात कुणाला माहीत नाही? सहलीचा विरस नको म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादाने त्याच संध्याकाळी डबा उघडला. रोल धुताना भांडं मी धरलं. “ती मागत होती गं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वरातीमागून घोडं, हे मला दिसतच होतं. त्याने आईचा फोटो केवढा तरी मोठा काढला, जणू आकाराने भरपाई होणार होती.

आईने तो हातात घेतला, डोळ्यांशी नेला, खिडकीकडे धरला. तिला आता खिडकीचा उजेड तेवढा कळायचा. फोटो तिने उलटा धरला होता. दादाने तो सुलटा करून दिला.

“तूच सांग काय दिसतंय ते,” ती म्हणाली.

“डावीकडून उजेड येतोय. पाण्यावर त्याची एक रेघ...”

“ते राहू दे. शाल कोणती आहे?”

दादाने फोटोत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, पण वहिनीने माझा हात दाबला.

“राखाडी,” तो म्हणाला.

“राखाडी शाल माझ्याकडे कधी होती?” आईला हसू आलं. “डाळिंबी आहे रे. स्टुडिओ सुरू झाला तेव्हा तूच आणलीस. दुकानदाराला सगळा ढीग उलगडायला लावला होतास, डाळिंबीच पाहिजे म्हणून.”

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसला.

“अजून सांग ना. तिथे काय काय होतं,” त्याने विचारलं.

आई सांगायला लागली. नातीची रिबीन पिवळी होती. बोटीचा हिरवा रंग निघाला होता. सुनेने नवी निळी चप्पल घातली होती आणि ती चावत होती, पण बिचारी बोलली नाही. तिने सगळं बघून ठेवलं होतं.

“आणि मी?”

“तुझा शर्ट पांढरा होता,” आई म्हणाली, आणि थोडी थांबली. “तोंड नाही दिसलं. तुला डोळे भरून बघून घ्यावं म्हणून तर मी समोर बसले होते. पण तू कॅमेरा काही खाली घेतला नाहीस.”

रागाने नाही, ती चपलेबद्दल बोलावं तशीच बोलली. दादा म्हणाला, “आई, माझं चुकलं,” आणि त्याची मान जी खाली गेली ती वर येईना. आईने हाताने चाचपत त्याचा चेहरा शोधला. कपाळ सापडलं, नाक सापडलं.

“हनुवटी जरा वर,” ती म्हणाली.