ढगाळ दुपारी डोंगरावरून आलेला निरोप

अंगारे-धुपारे, देवऋषी, झपाटणं... असलं काही निघालं की मी आधी चेष्टा करायचो. आताही करतो. तरी ही गोष्ट सांगतो, कारण ती माझ्याच डोळ्यांसमोर घडली.

लढाईचे दिवस होते. मी बेळगावात फौजेच्या सिग्नल तुकडीत होतो, नव्या पोरांना हेलिओग्राफ शिकवायला. हेलिओग्राफ म्हणजे तिवईवरचा आरसा. त्यावर ऊन धरून लांब-आखूड चमकांनी एका डोंगरावरून दुसऱ्यावर अक्षरं पाठवायची. समोरच्यानं प्रत्येक शब्दाची पोच द्यायची. पोच नाही आली, तर तोच शब्द पुन्हा.

उचगावचा भरमा माझा जोडीदार. तो ब्रह्मदेशात गेला आणि मागून ‘बेपत्ता’ अशी तार आली. त्याच्या आईनं अन्नच सोडलं. “लेकरू उपाशी आसंल, मी कशी गिळू?” म्हणायची. रविवारी जाऊन मी ‘मावशी, जेवा’ म्हणून विनवायचो, पण ताकाच्या घोटापलीकडं काही नाही. म्हातारी हातची जाणार, हे दिसत होतं. माझा जीव तुटायचा.

एके दुपारी आम्ही येळ्ळूरच्या गडावर होतो. आभाळ गच्च भरलं, म्हणून सामान आवरायला सांगितलं... तेवढ्यात वैजनाथाच्या डोंगरावरून चमक आली. तिकडं आमचं कुणीच नव्हतं. शिवाय ऊनच नाही, तर चमकणार काय? पण पोरांनीही पाहिलं. इंग्रजी अक्षरांत शब्द जुळला – आई. पुन्हा तोच शब्द. पुन्हा तोच... पोच मागत होता. उन्हाशिवाय आरसा काय कामाचा? शेवटी मी निशाण हलवलं. एवढ्या लांबून ते दिसणं शक्यच नव्हतं. तरी पुढचा शब्द आला – जेव. मग सगळं शांत.

संध्याकाळी सायकल हाणत उचगाव गाठलं आणि मावशींना सगळं सांगितलं. मला वाटलं, विचारतील, जित्ता हाय का? तसं काही विचारलं नाही. सुनेकडून भाकरी मागून घेतली, दुधात कुस्करली, सावकाश खाल्ली. मग म्हणाल्या, “त्येला कळीव बाबा, जेवले म्हणून.”

ढगात चमक कसली, कुणाची, मला आजही सांगता येत नाही. भरमा काही परतला नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी वैजनाथाकडं आरसा लावला आणि पाठवलं – आई जेवली. पोच आली नाही. ऊन उतरेपर्यंत मी तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो.