बरोबर बसणारी काडतुसं

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. वडिलांनी लष्करी लिलावात घेतलेलं पिस्तूल जमा करायला मी जॉर्ज टाउनमधल्या बंदुकांच्या दुकानात जातो. तिथले एक तंजावरी मराठी कारागीर बोलताना ड्रॉवर सारखा उघडबंद करत असतात. त्या खडखडीने माझं डोकं उठतं.

यंदा मी त्यात भरायची नव्या बनावटीची काडतुसंही दाखवली. "अगदी बरोबर बसतात."

"बसतात सार. पण ह्यांचा बार जोराचा. हे म्हातारं लोखंड तुमच्या हातातच फुटेल." त्यांनी मला न विचारता गोळी उडवणारी पिन काढून घेतली.

मी चिडलो. "दोन वर्षं हीच भरून उशाशी ठेवलंय. काही झालं नाही."

"उडवलं कधी?"

"वेळच आली नाही."

ड्रॉवरची खडखड थांबली.