बंदरभाऊंची भरती

बंदरभाऊ समुद्रावर गळ टाकत, आणि त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात सांगत आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं शेत. शेतात शेततळं, आणि तळ्याच्या बांधावर पत्र्याची पाटी: ‘बंदर’. आमच्या वऱ्हाडात हिंदीचा शेजार इतका जवळचा, की बंदर म्हटलं की माणसाला जहाजाआधी माकड आठवतं. त्यामुळे पाटी पाहून गाड्या थांबत. कुणी लेकरांना घेऊन, कुणी हातात केळी घेऊन उतरत असे.

“कुठी हाय बंदर?”

“तुमी बंदरावरच उभे हा,” भाऊ शांतपणे सांगत. समोरचा दचकून पायाखाली बघे. यावरूनच त्यांचं नाव बंदरभाऊ पडलं. केळी मात्र ते ठेवून घेत.

समुद्राची सुरुवात बोअरपासून झाली. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीत पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. भाऊंनी झेंडूला पाणी होईल म्हणून बोअर खणली आणि खारं पाणी लागलं. “अशा वक्ताले लोकं डोक्याले हात लावतात,” नलूवहिनी सांगत, “यायनं नारय फोडला.” ते पाणी भाऊंनी तळ्यात सोडलं, त्यात चिलापी नावाचे मासे आणून टाकले आणि जाहीर केलं की समुद्र पूर्वी इथंच होता, मधे कुठं गेला होता, आता परत आला आहे.

मी अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. झेंडूची फुलं घ्यायला जुन्या शहरात त्यांच्या दुकानावर जात असे, तिथून ओळख झाली. मी त्यांना एकदा समजावून पाहिलं. ते म्हणाले, “मास्तर, जवळच्या गावाचं नाव दर्यापूर. पानी खारं. आता अजून काय पुरावा पाह्यजे तुमाले, जहाज?” दर्यापूर हे नाव समुद्रावरून पडलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गळ घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्या दिवसापासून मी दर रविवारी बसत आलो आहे आणि दर सोमवारी वर्गात शिरताना मला चोरासारखं वाटत आलं आहे.

सगळ्यात मोठी अडचण भरतीची होती. समुद्र म्हटला की भरती-ओहोटी हवीच. शेतीपंपाला आमच्याकडे पाळीपाळीनं वीज मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईन आली की मोटर सुरू होई आणि तळं चढे. लाईन गेली की काळ्या जमिनीच्या भेगांतून पाणी उतरत जाई. भाऊंच्या लेखी ही भरती आणि ही ओहोटी. गजानन लाईनमन हा आमच्या गळ टाकणाऱ्या मंडळाचा तिसरा सभासद. तो कामावरून फोन करी, “भाऊ, भरती सोडून राह्यलो,” आणि आम्ही दोघं सावरून बसत असू. शनिवारी मी मुलांना शिकवलेलं असे की भरती-ओहोटी चंद्रामुळे होते. रविवारी मी गजाच्या फोनची वाट पाहत असे.

पावसाळ्यात तळ्यात गोडं पाणी शिरे. मग भाऊ खडेमिठाचं पोतं आणून बांधावरून मूठमूठ टाकत. “दर्या अयनी झाला,” असं म्हणत ते बोटानं चव घेत, भाजीची घ्यावी तशी. वहिनी झेंडूच्या माळा ओवता ओवता म्हणत, “घरातल्या वरनाची कधी चाखली काय येवढ्या मायेनं?”

त्यांचे नियम होते आणि ते मोडता येत नसत. दर्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. ज्याची मासोळी सुटली, त्याला पहिला चहा. ज्यानं धरली त्याला सगळ्यात शेवटी, कारण त्याला तसाही आनंद झालेला असतो. आणि मासोळी केवढी होती हे दोन हातांनी दाखवायचं नाही, एकाच हातानं दाखवायचं. “दोन हात झाले का मधात खोटं शिरते,” ते म्हणत. त्यामुळे आम्ही तिघं कितीही मोठी मासोळी फक्त एक पंजा वर करून दाखवत असू. बघणाऱ्याला वाटे, आम्ही आशीर्वाद देतो आहोत.

आमच्याकडे होडीही होती. भाऊंनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की हल्ली लोक कयाक नावाच्या सडपातळ होडीत एकेकटे बसून समुद्रात गळ टाकतात. त्यांनी छतावरची फुटकी काळी टाकी उतरवली, उभी चिरली आणि अर्धी पाण्यात सोडली. टाकीचा तळ गोल असल्यामुळे ती पुढे जात नसे, जागच्या जागी फिरत राही. भाऊ पोटाला तेलाचे रिकामे कॅन बांधून तीत बसत आणि फिरता फिरता आम्हाला सूचना देत. अर्ध्या सूचना आमच्याकडे येत, अर्ध्या हरभऱ्याच्या शेताकडे जात.

“मास्तर, गय ढिला...” टाकी वळली. बराच वेळ हरभऱ्याला काहीतरी सांगून ती परत आली. “...अन् मंग वढा!”

मला मासोळी लागली की वाईट वाटे. मी तिला हळूच “माफ कर” म्हणत असे. एकदा त्यांनी ऐकलं. “काहून माफी मांगता तिले? पेपरात नापास केली काय?” गजा हसून हसून बांधावरून घसरला. पण त्यानंतर मी गळ काढताना भाऊ हटकून दुसरीकडे बघत, मला माझं बोलता यावं म्हणून.

मग सुषमाला, त्यांच्या मुलीला, मुलगा झाला. जावई कोकणात नोकरीला, घर किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वहिनी बाळंतपणाला आधीच गेल्या होत्या. बारशाला भाऊंनी जायचं होतं आणि भाऊ निघेनात. आज झेंडू तोडणीला आला, उद्या टाकीला भेग पडली, परवा पाय दुखतो. शेवटी वहिनींचा मला फोन आला. “मास्तर, तुमीच घेऊन या त्यायले. मानूस नातवाले भेत नाही, दुसऱ्याच कशाले भेऊन राह्यला.”

कशाला, ते मला गाडीत कळलं. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. एकाएकी म्हणाले, “मास्तर, तो खरा निंघाला अन् आपला खोटा, तं?”

मी भूगोल शिकवतो. याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी इतकी वर्षं गिळलं होतं. आताही गिळलं. म्हणालो, “आधी चहा घेऊ.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थर्मासमधला पहिला कप माझ्या हातात दिला. मासोळी सुटलेल्याला देतात तसा.

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही समुद्रावर गेलो. भाऊ वाळूत उभे राहिले. खडकांवर काही माणसं गळ टाकून बसली होती, लांब पाण्यात दोघेतिघे रंगीत कयाकांत होते, आणि त्यांच्या कयाका सरळ जात होत्या. मला वाटलं, मी एका माणसाचं सगळं घर पाडलं.

खडकावरच्या एकानं हाक मारली, “काय काका, गरवायला आलात?”

“नाई, मासोया धराले.”

“तेच ते! बसा. भरती लागेल आता.”

भाऊंनी आजूबाजूला विजेचा खांब शोधला. “इथला लाईनमन कोन हाय?”

तो माणूस हसला. “लाईनमन? चंद्र की हो!”

भाऊ माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमाले ठाऊक होतं?”

मी मान डोलावली. वर बघवेना.

“मंग सांगतलं काहून नाई?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, भाऊ.”

त्यांनी विचार केला. “बरं केलं,” ते म्हणाले. “गजाले वाईट वाटलं असतं.”

मग ते पुढे गेले, वाकले, बोट बुडवून त्यांनी चव घेतली. “आपलंच हाय,” ते म्हणाले. “जराक अयनी हाय. पावसाचं शिरलं असन.” तेवढ्यात त्या खडकावरच्या माणसाचा मासा तोंडाशी येऊन सुटला. तो चरफडत असताना भाऊंनी आमचा थर्मास उघडला आणि पहिला चहा त्याच्यापुढे धरला. का, ते त्याला समजावून सांगितलं. त्यानं बाकीच्यांना सांगितलं. उन्हं उतरेपर्यंत तिथं सुटलेल्या माशांची चढाओढ लागली होती.

संध्याकाळी गजाचा व्हिडिओ कॉल आला. “भाऊ, केवढा हाय हो दर्या?”

भाऊंचे दोन्ही हात आपोआप वर आले. मग त्यांना नियम आठवला. डावा हात त्यांनी खाली घेतला आणि सगळा समुद्र एका पंज्यानं दाखवला.

“बापा!” गजा म्हणाला.

भाऊ परत आले नाहीत. नातू अंगावरून उतरेना, सुषमाची नोकरी सुरू झाली, शेत शेजाऱ्याला बटईनं दिलं. झेंडू आता तो लावतो. तळ्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, एवढं भाऊंनी त्याला बजावलं आहे. कोकणातल्या त्या खडकावर आता चहाचा नियम चालतो, आणि मासा एकाच हातानं दाखवतात, असं वहिनी सांगतात. मी भाऊंना तिकडे नेऊन सोडलं, याचं मला वाईट वाटतं. ते तिकडे आनंदात आहेत, याचंही थोडं वाटतं.

दर रविवारी मी अजूनही तळ्यावर जातो, आणि तिथंच त्यांचा फोन येतो. त्यांच्या मागे लाटांचा आवाज असतो, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागतं. परवाही आला.

“मास्तर, या हप्त्यात भरती कवाची हाय?”

“दिवसाची आहे, भाऊ. गजा आता सोडेलच.”

“मंग माह्याशी काय बोलत बसले? दर्याकडे पाठ करू नोका!”

मी चपापून वळलो. मी खरंच रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. बोअरच्या पाइपानं एकदा खाकरून घेतलं, आणि पाणी आलं.