आतोबांचं कासव

आमच्या आतोबांइतका सावकाश माणूस अख्ख्या तंजावरात झाला नाही. समोरून निघालेली बस त्यांनी कधी धावत पकडली नाही. "दुसरी येते की," म्हणत थांबायचे, आणि पापनाशमच्या लग्नाला पोचेपर्यंत तिथे पानं उचलली जात असायची. हे मात्र वधूवरांना निवांत आशीर्वाद देऊन, मुहूर्त छान साधला म्हणून सांगत परतायचे.

पॉलिटेक्निकात शिकवत असताना त्यांनी एक परदेशी संच जुळवून यंत्राचं कासव केलं होतं. दोन चाकं, पोटाशी तांदळाच्या पिठाची नळी, मागे कॉम्प्युटरला जोडलेली लांब वायर. आत्या रोज पहाटे उंबऱ्यापुढे जी वळणावळणांची रांगोळी काढी, ते कोलम त्यांनी तिच्या शेजारी बसून त्याला शिकवलं. पिठाच्या वासाने कासवाच्या पोटात मुंग्यांनी बिऱ्हाड केलं, तर हे त्या आपणहून जायची वाट बघत आठवडाभर बसले. "कोलम त्यांच्यासाठीच न्हवे कां?" म्हणाले.

पुढे वाताच्या झटक्याने आत्याचा उजवा हात गेला. तिने दाराशी येणंच सोडलं. मार्गळी महिना तोंडावर आला, आणि त्या महिन्यात दार कोलमाविना ठेवायचं म्हणजे आतोबांच्या जिवाला घोर. जुना कॉम्प्युटर केव्हाच मेला होता. नवा आणला, त्याला कासव जोडलं, तर अख्खं कोलम पापडाएवढ्या जागेत एकावर एक उमटलं. आतून आत्या म्हणाली, "त्याला इतकी घाई कां म्हणून विचारा की."

तिथेच सापडलं. प्रत्येक वळणाआधी कॉम्प्युटरने ठरावीक आकडे मोजायचे आणि तोवर कासवाने चालायचं, असा हुकूम होता. नवं यंत्र ते आकडे पापणी लवायच्या आत मोजून मोकळं होई. आतोबांनी आकडे वाढवत नेले. वाट बघायला शिकवणं त्यांना काय जड?

मार्गळीच्या पहिल्या पहाटे धुक्यात कासव निघालं. त्याची मंद घरघर ऐकत मी पेंगत होतो, ते स्वप्नच वाटत होतं. शेवटचं वळण तेवढं राहिलं, हुकुमातली एक ओळ जुन्या फ्लॉपीतून पुसली गेली होती. उघडं कोलम आत्याला कसं बघवणार? ती भिंत धरत बाहेर आली आणि डाव्या हाताने, वाकडंतिकडं, जोडून गेली.

"आतोबा, एकच ओळ लिहायची," मी म्हटलं.

"लिहूं की. घाई काय?"

ती त्यांनी कधीच लिहिली नाही. आत्या रोज बाहेर येत राहिली. आता ती नाही. कासव अजूनही तिथवर येऊन थांबतं, आणि उरलेलं वळण आतोबा जोडतात, डाव्या हाताने.