कोबीची कोशिंबीर

बाबांची जयपूरला बदली झाली त्या वर्षी मालवीय नगरच्या घरात दादाला फिट आली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत टेपवर्मच्या अळ्या आहेत. आई लगेच वहिनीवर उलटली, कारण वहिनीच्या माहेरी मटण खातात. त्या दिवसापासून वहिनीचं ताट वेगळं झालं.

खरं तर डॉक्टरांनी बजावलं होतं, या किड्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून नाल्याच्या पाण्यात आणि तिथून भाजीवर येतात, कच्चा कोबी बंद करा. पण कोशिंबिरीशिवाय आई पानच वाढायची नाही.

"आई, डॉक्टर नको म्हणालेत," वहिनी पुटपुटली.

"मटण खाणाऱ्यांनी मला सोवळं शिकवू नये," म्हणत आईने दादाच्या पानात आणखी एक डाव वाढला.

आणि आमच्या शहाण्या दादाने बायकोकडे न बघता ती कोशिंबीर चाटूनपुसून खाल्ली.