उतरायचा कठडा

माझ्या धाकट्या दिरासारखा चोखंदळ माणूस गोव्याच्या अख्ख्या डिचोली महालात दुसरा जन्माला आला नसेल, आणि आला असेल तर त्याच्या घरच्या बाईची मला कीव येते. चोखंदळ हा आपला चांगला शब्द झाला. खरं म्हणजे त्याला वस्तू घ्यायची नसते, वस्तू निवडायची असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात छत्र्या विकणारा एक म्हातारा त्याला लांबून येताना पाहून छत्र्या पोत्यात भरायला लागायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कारण दीर एकेक छत्री उघडणार, तिच्याखाली उभा राहणार, कापडातून सूर्याकडे बघणार आणि शेवटी "पुढल्या शुक्रवारी बघया" म्हणून भिजत घरी येणार. चपला ठरेनात म्हणून एक अख्खा पावसाळा त्याने अनवाणी काढला. माझ्या जावेला बघायला तो इतक्या वेळा गेला, की शेवटी तिच्या बापाने "पुढच्या खेपेला अक्षता घेऊनच या" असं बजावलं. अंगणाच्या कडेला त्याने चिऱ्यांचं गॅरेज बांधलं होतं. दाराला दोन फळ्या, वर मंगळुरी कौलं, सगळं झोकात. आत गाडी नव्हती. कोणती घ्यायची ते ठरत होतं. ते ठरेपर्यंत आम्ही त्यात नारळ आणि माडाची सुकी चुडतं ठेवत होतो.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण एका वर्षी त्याच्या या निवडीत माझं घर अडकलं. माझे यजमान त्याचे थोरले भाऊ. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. उजव्या हातात काठी घेऊन ते घरात फिरत, पण आमच्या घराचं जोतं उंच. सोप्यावरून अंगणात उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या, त्याही उभ्या, आणि कडेला धरायला काही नाही. त्यामुळे सोप्याच्या कडेला त्यांचं जग संपलं. त्या वर्षीच्या चवथीला गणपती कुळागरातल्या, म्हणजे आमच्या माड-पोफळींच्या बागेतल्या, तळीवर पोचवायला निघाला तेव्हा ते सोप्यावर कदेलीत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, बसून राहिले. विसर्जनाआधी तळीच्या काठावर घरातल्या थोरल्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घराचं सुखदुःख देवाच्या कानावर घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची रीत. माझे यजमान एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नसत, पण गाऱ्हाणं घालायला लागले की आजारी गाईपासून परदेशातल्या भाच्यापर्यंत कोणी सुटत नसे. त्या दिवशी ते धाकट्याने घातलं. "सांभाळ रे म्हाराजा" एवढं म्हटलं आणि त्याला पुढचं सुचेना. यजमान मान वाकडी करून तळीकडे कान लावून बसले होते. आपण सोडून दुसऱ्याने गाऱ्हाणं घातलं हे त्यांना लागलं. त्या दिवशी ते पानावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साखळीच्या रस्त्यावरच्या वेल्डरला बोलावलं. बेळगावकडचा माणूस, कामाला बरा. पायऱ्या बघून म्हणाला, "आठवड्याभरात रेलिंग बसवून देतो, आज्जी." मी होय म्हणणार एवढ्यात दीर मध्ये आला.

"वयनी, दादान धरूचो कठडो आणि तो भायल्यान करूचो? मी करतंय. पुढल्या चवथीक दादा आपल्या पायांनी तळीवर जातलो."

"तुका वेल्डिंग खंय येता रे?"

"खाणीवर जन्म गेलो माझो!"

गेला होता, पण स्टोअरात. वेल्डिंगचे रॉड कपाटातून काढून कामगारांच्या हातात द्यायचे, हे याचं काम. भटजींना उदबत्ती विकणाऱ्याने पूजा सांगायला बसावं तसलाच हा प्रकार. पण यजमान म्हणाले, "करूं दी ताका." वेल्डर सायकलवर बसून निघून गेला आणि माझ्या घरात वर्षभराचा छळ सुरू झाला.

कारण कठडा करायचा तर मशीन हवं, आणि मशीन घ्यायचं तर ते निवडायला हवं. त्या दिवसांत गोव्यात भाषेवरून रान पेटलं होतं. आम्ही घरात बोलतो ती कोणती भाषा हे ठरवायला माणसं रस्त्यावर उतरली होती, झाडं आडवी पडत होती, बसगाड्या बंद होत होत्या. आणि माझा दीर, मशीनच्या आत तांब्याची तार बरी की ॲल्युमिनियमची, यात बुडाला होता. बस चालू असली की म्हापसा, पणजी. बंद असली की चालत डिचोली. न्हाव्याला विचारून झालं, भटजींना विचारून झालं. मये गावच्या एका पाहुण्याकडे बाराव्याला गेला तिथेही विचारून आला. आणि रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला अहवाल.

"वयनी, तांब्याचां घेतलां तर जन्मभर बघूक नको. ॲल्युमिनियमचां हलक्यात येता, पण तापता."

"मीय तापलंय."

"तसां नाय गे. आता बघ, थंड करूक एकात हवा आसता, एकात तेल. खंयचां घेवया?"

"खोबरेल घाल."

तो हसायचा नाही. विचार करायचा. एकदा तर "खोबरेल चलाचां नाय, वयनी, ता दाट होता" असं उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी आला. मी म्हटलं, दादाला अंगणात उतरून किती महिने झाले ते तुला दिसतं का? तर म्हणतो, "म्हणानच म्हणतंय, वस्तू बरी होयी." या माणसाशी भांडण करता येत नाही. भांडायला समोरच्याने थोडं तरी ऐकावं लागतं.

शिगमा आटोपला आणि एके दिवशी टेंपोतून मशीन आलं. तांब्याच्या तारेचं, तेलाचं, हिरव्या रंगाचं धूड. वासे लावून माणसांनी ते गॅरेजात नेलं. नारळ फुटला, झेंडूची माळ पडली. यजमानांना मी सोप्याच्या कडेला आणून बसवलं. दिराने डोळ्यांवर काळी काच धरली, बटण दाबलं आणि फट् झालं. घराचा फ्यूज गेला. त्याने जाड तार घातली, पुन्हा दाबलं, तेव्हा खांबावरचा गेला आणि वाड्यावरची सगळी घरं बंद पडली. संध्याकाळी लाइनमन आला. चहा पिता पिता त्याने मशीनभोवती एक फेरी मारली.

"ह्या दोन फेजीचां मशीन. तुमच्या घराक एकच फेज. घेताना इचारूक नाय?"

"सगळां इचारलंय," दीर म्हणाला.

"घराक करंट कितको, तां?"

अर्ध्या गोव्याला प्रश्न विचारून आलेल्या माणसाने आपल्या घराच्या भिंतीवरच्या मीटराकडे एकदा मान वर करून बघितलं नव्हतं. मी आत जाऊन भांडी घासायला बसले, कारण तोंड उघडलं असतं तर लाइनमनला पुन्हा आमच्या घरी यायचं धैर्य झालं नसतं. मशीन परत देऊन छोटं घे, असं जाऊ म्हणाली. तो म्हणाला, "निवडलेली वस्तू परत करतत?" मग वाट निघाली ती विहिरीवरच्या पंपाची. कुळागराला पाणी सोडायच्या पंपाला जास्त फेजची लाइन होती. अर्ज करून, परवानगी येऊन, विहिरीपासून गॅरेजपर्यंत जाड केबल ओढेपर्यंत पावसाने जोर धरला होता.

आणि मग हात बसायला पाहिजे म्हणून त्याने घरातलं लोखंड शोधायला सुरुवात केली. आधी रॉड चिकटून बसे, मग तो लाथ मारून सोडवी. गळक्या बादलीला ठिगळ लावायला गेला आणि तिचा तळच जाळून बसला. माझ्या आदोळीचं नारळ खवायचं पातं हलत होतं, ते त्याने असं पक्कं केलं की तेव्हापासून मी वाकडं बसून खोबरं खवते. फाटकाची बिजागरी कुरकुरत होती. कुरकुर गेली, फाटकही उघडायचं गेलं. आठवडाभर आम्ही गडग्यावरून उडी मारून ये-जा केली, मीसुद्धा, साडी खोचून, या वयात. एकदा काच न धरता बघितलं म्हणून डोळे सुजून बटाट्याएवढे झाले, आणि जावेने त्यावर बटाट्याच्याच चकत्या ठेवल्या. देवळात सप्ताह चालू होता. याने रॉड टेकवला की वाड्यावरचे दिवे पिवळे पडत आणि देवळातल्या टेपरेकॉर्डवर गाणाऱ्या बाईचा आवाज म्हशीसारखा ओढत येई. पुजारी पंचा सावरत धावत आला.

"देवाचो तरी इचार कर, मरे!"

"देवाच्याच कामाक लागलंय," दीर काचेमागून म्हणाला.

श्रावण अर्धा सरला तरी कठड्याचा पत्ता नाही. मी स्वच्छ सांगितलं, "पुढल्या सोमवारी मी त्या बेळगाववाल्याक हाडतंय." तेव्हा कुठे तो पायऱ्यांकडे आला. आणि हे मला सांगितलंच पाहिजे, की त्याने माप मात्र मन लावून घेतलं. दादाला सोप्याच्या कडेला उभं केलं, त्यांचा उजवा हात सैल सोडायला लावला, पंजा कुठे येतो तिथे भिंतीवर खूण केली. त्यांच्या मुठीत दोरी धरायला देऊन पाइपाची जाडी ठरवली. उतरताना उजवा हात जिकडे येतो त्या बाजूला खड्डे खणले. सांधे वेल्ड केले ते दिसायला वारुळासारखे झाले, पण वरून हात फिरतो तिथे तो दिवसचे दिवस कानस घासत बसला, आणि शेवटी स्वतःचा गाल पाइपावरून फिरवून बघितला, कुठे बोचतं का म्हणून. मी जनेलाच्या गजांतून बघत होते.

चवथ आली तेव्हा सिमेंट वाळलं होतं. पाचव्या दिवशी आरती झाली, घुमटं वाजू लागली, पुतण्यांनी गणपती उचलला. यजमानांनी उजव्या हाताने पाइप धरला, काठी माझ्याकडे दिली आणि एक पायरी उतरले. मग दुसरी. दीर खाली तोंड वर करून उभा होता, दोन्ही हात पुढे, जणू वरून नारळ पडणार आहे. शेवटची पायरी उतरून यजमान अंगणात आले आणि त्यांनी पायाने माती चाचपून बघितली. मग काठी घेतली आणि गणपतीच्या मागून कुळागरात चालू लागले.

तळीवर त्यांनी गाऱ्हाणं घातलं. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते, कोणी घाई केली नाही. गाय झाली, भाचा झाला, सुपारीला लागलेला कोळेरोग झाला. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या धाकट्याक एक वस्तू एका खेपेत घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सर्वांत मोठ्याने तो स्वतः.

आम्ही परत आलो. मंडळी वर जाऊन प्रसादाला बसू लागली. यजमान पायरीपाशी आले आणि थांबले. आता तोंड घराकडे होतं आणि कठडा डाव्या बाजूला. लुळ्या हाताच्या बाजूला. उजवीकडे काहीच नव्हतं.

वर्षभर आम्ही सगळे विसर्जनाचाच विचार करत होतो. गणपती पायऱ्या उतरतो तो परत चढत नाही, त्यामुळे चढण्याचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. ना त्याच्या, ना माझ्या, ना ज्यांना चढायचं होतं त्यांच्या.

"गणपती परत येना रे," मी म्हटलं, "माणूस येता मगे!"

दीर पुढे धावला. "दादा, मी उखलून घेतंय."

"मी मेलंय काय उखलूक?" यजमान म्हणाले. थोडा वेळ त्यांनी कठड्याकडे बघितलं. मग काठी मला दिली, हळूहळू वळले, घराकडे पाठ केली आणि उजव्या हाताने पाइप धरला. तसेच, पाठमोरे, एक पाय मागे वर टाकून चढू लागले. मी ओरडले. दीर उडी मारून त्यांच्या मागे वर गेला आणि त्यांच्या पाठीवर हात टेकवून, त्यांच्यासारखाच एकेक पायरी मागे सरकत राहिला. वर पोचल्यावर यजमान कदेलीत बसले, घामाने निथळत होते. म्हणाले, "अशां चढताना कुळागर बरां दिसता."

दुसऱ्या बाजूचा कठडा महिन्याभरात होणार होता. पण पाइप गोल घ्यावा की चौकोनी, हे ठरेना. रोज संध्याकाळी यजमान उतरत, माडांतून फिरून येत, आणि ते परतायच्या वेळेला दीर हातातलं काम टाकून पायरीपाशी हजर असे, पाठीवर हात द्यायला. मी कितीदा म्हटलं की त्या बेळगाववाल्याला बोलावते, आठवड्याचं काम आहे. यजमान म्हणत, "तो करता आसा. करूं दी." दोघे भाऊ आयुष्यात एकमेकांशी फारसं बोलले नव्हते. त्या पायऱ्यांवरही बोलत नसत. एक पुढे, एक मागे, दोघांची तोंडं कुळागराकडे. त्यांनी ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही, तेवढी अक्कल मी दोघांतही पाहिली नव्हती. पण पुढेपुढे मी बोलायची बंद झाले.

यजमान गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दीर अजून संध्याकाळी त्याच वेळेला येतो. पायरीपाशी उभा राहतो, रिकाम्या बाजूवर हात फिरवतो आणि मला विचारतो, "वयनी, गोल बरो काय चौकोनी?" मी म्हणते, गोल. तो म्हणतो, "बघया." मग मी चहा ठेवते, आणि तो होईपर्यंत तो तिथेच उभा असतो.