मी काहीही विसरलो नव्हतो

माझा मुलगा नातेवाइकांना सांगतो, "बाबांना मध्यंतरी विसरायला होत होतं." हे विधान मला मान्य नाही. विस्मरण हा शब्द आमच्या घरात चालतो, नैराश्य चालत नाही; म्हणून माझ्या आजाराचे नाव परस्पर बदलण्यात आले.

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात मी पाळीप्रमुख होतो. पाळी संपली म्हणून तिथे कोणी निघून जात नसे. येणाऱ्याला चार्ज द्यायचा: कोणता व्हॉल्व्ह बंद, कोणता पंप कुरकुरतो. त्याने ते मोठ्याने म्हणून दाखवायचे. नाही दाखवले, तर पुन्हा सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात खांदेश्वरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मला बसवेनासे झाले. पेपर उघडायचा, मिटायचा; गॅलरीत जायचे, परतायचे. पहाटेच डोळा उघडे. वरणभात मातीसारखा लागे. सोसायटीतले ज्येष्ठ म्हणाले, "चालणं वाढवलंत, छान." मुलगा म्हणाला, आईची आठवण येते. दोन्ही चूक. पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता, आणि त्या दिवसांत तर तिची आठवणही येईनाशी झाली होती. भय वाटावे असे काही असेल, तर ते हे होते.

मुलगा महाप्याच्या ऑफिसातून अधूनमधून येई. मी त्याला सांगू लागलो, फ्लॅटची कागदपत्रे कुठे, पाण्याची मुख्य कळ कोणती, त्याच्या आईचे दागिने कोणाला द्यायचे.

"बाबा, हे तुम्ही मागच्या वेळीच सांगितलंत."

"मग म्हणून दाखव."

"शाळा आहे का ही?"

तो हसे, म्हणून पुढच्या वेळी मी पुन्हा सांगे. त्यावरून त्याने ठरवले की माझी स्मृती गेली. फ्लॅटला कुलूप लावून मला आपल्या घरी न्यायचे आणि देखरेखीला एक बाई ठेवायची.

त्याआधी स्मरणशक्ती तपासायला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. मी महिने उलटे म्हटले, घड्याळ काढले, सांगितलेले शब्द परत सांगितले. माझ्या वतीने मुलगाच उत्तरे देऊ लागला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवले.

"पण मॅडम, तेच तेच सांगतात," तो म्हणाला.

मी त्यांना चार्ज देण्याची पद्धत समजावून सांगितली, काहीशा अभिमानानेच. त्यांनी शांतपणे ऐकले.

"काका, चार्ज दिल्यावर माणूस कुठे जातो?"

"घरी."

"तुम्ही तर घरीच होतात. मग निघाला कुठे होतात?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. जीव संपवावा असे मनात येते का, हे बाईंनी सरळ शब्दांत विचारले. मी हो म्हणालो. आयुष्यात प्रथमच त्याने मला काही समजावण्याचा प्रयत्न केला नाही.

काही आठवडे तो माझ्याकडे राहायला आला. गोळ्या सुरू झाल्या, ठरल्या वारी बाईंशी बोलणेही. गोळ्यांनी लगेच काही होत नाही, हे बाईंनी सांगितले होते. तरी मी त्यांना दोनदा सुनावले. मग एका सकाळी चहात साखर जास्त झाल्याचा मला राग आला. यालाच त्यांनी सुधारणा म्हटले, आणि त्यांचे हे एक मत मी वाद न घालता स्वीकारले.

आता मी माझ्याच फ्लॅटमध्ये राहतो. अट एकच: मुलगा संध्याकाळी फोन करतो, मी खरे सांगतो. परवा सांगितले, "आज बरं नाही."

"येतो."

"गरज नाही."

तरी आला. मी खुर्चीतून उठत होतो, बसत होतो. तो टीव्ही पाहत होता.

"आत्याला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"विसरायला होत होतं म्हणून. जाऊ द्या ना, कशाला टेन्शन? बरे झालात."

"बरा होतो आहे. आणि तिच्याही घरी म्हातारं माणूस आहे. तिला खरं कळलं पाहिजे. लाव फोन."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने फोन लावला आणि बोलायला गॅलरीत जाऊन दार लोटून घेतले. मी उठून ते उघडले.